लाईन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या औसा तालुक्यात कुणालाही फोन लावा, 'बरं हाय का' च्या आधी 'लाईन हाय का' विचारतात. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच विचारतात, कारण लाईन असली तर माणूस मोटार चालू करून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेला असतो आणि त्याला बोलायला टाईम नसतो, अन् नसली तर तो घरी असतो पण मोबाईल उतरलेला असतो. मी लातूरला इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, पोरांकडून सिनॉनिम पाठ करून घेणं हा माझा धंदा, त्यामुळं २७ फेब्रुवारी जवळ आला की मी जरा लपूनच असतो. यंदा सापडलो. गल्लीतल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात एका रिटायर गुरुजींनी माझ्याकडं बोट दाखवून सुनावलं, "तुम्हा लोकांमुळं ही वेळ आली. खेड्यातला अडाणी शेतकरीसुद्धा आता वीज म्हणत नाही, लाईन गेली म्हणतो. लाईन! ह्याला काही अर्थ आहे का?" टाळ्या पडल्या. मला उत्तर सुचलं ते घरी येऊन चपला काढताना, नेहमीसारखं.

तर गुरुजी, अर्थ आहे. आमच्याकडं ईज वेगळी आणि लाईन वेगळी. जूनमध्ये आभाळ भरून आल्यावर शिवारातून कुणी 'ईज, ईज' करत पळत आलं तर बाया-माणसं झाडाखालून उठून पळतात, मोटारीचं बटन दाबायला जात नाहीत. ईज पडते, बैल मरतो, माणूस मरतो, मराठवाड्यात एक पावसाळा असा जात नाही की पेपरात ही बातमी नाही. आता त्याच शब्दानं तारेतून येणारी, मीटर फिरवणारी, रात्री येऊन पहाटे जाणारी वस्तू पण सांगायची म्हणजे घोळच की. लोकांनी कुठल्या समितीला न विचारता वाटण्या करून टाकल्या, आभाळातली ती ईज, तारेतली ती लाईन आणि घरातली ती लाईट. लाईट बिल म्हणतात, लाईन बिल कुणी म्हणत नाही. 'लाईट लाव' म्हणतात, 'लाईन लाव' म्हणलं तर पोरं हसतात. पुस्तकात एकटा 'वीज' शब्द जे काम करतो ते इथं तीन शब्द वाटून करायलेत, त्यातले दोन इंग्रजी आहेत हे मान्य, पण ह्यात मराठीचं काय नुकसान झालं ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असंय की शब्द कुठून आला हे विचारत बसण्यात काही हशील नाही, तो आल्यावर आपल्याला दोन गोष्टींतला फरक जास्त नीट सांगता यायला लागला का कमी, ते बघा. आणि तसं बघायला गेलं तर ह्याच लाईन शब्दानं एकीकडं आपलं भलं केलंय आणि दुसरीकडं चांगलंच बुडवलंय. गुरुजींचा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या वावरात शिरलाय.

आधी ह्या लाईनीची जात बघू. ती निघाली जवसातून. हो, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणायचे, त्याच्या खोडाच्या वाखापासून काढलेला दोरा ती लिनेआ, तिथून फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत लाईन. लिनन कापड तिथलंच, लिनसीड तेल तिथलंच. आपण जवसाचं तेल काढलं, त्यांनी दोरा पण काढला. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते म्हणून रेघ पण लाईन झाली, मासे धरायची दोरी लाईन, पुस्तकातली ओळ लाईन, एकामागं एक उभी माणसं लाईन, पिढ्यांचा वंश लाईन, रेल्वेचे रूळ लाईन, टेलिफोनची तार लाईन, सैन्याची फळी लाईन, नटाच्या तोंडचं वाक्य लाईन. आमच्याकडचे गवंडी भिंत चढवताना जी दोरी ताणतात तिला 'लाईनदोरी' म्हणतात, म्हणजे मूळ अर्थ धरला तर दोरीदोरी झालं, पण भिंत सरळ येते ना, मग बास.

एका शब्दाला इतके अर्थ असणं हे इंग्रजीत नवं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' ह्या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ दिलेत, आणि पुढं कोश सुधारायला घेतल्यावर 'रन' च्या एकट्या क्रियापदाचेच ६४५ निघाले. म्हणजे छोटे, रोजच्या वापरातले शब्दच सगळ्यात जास्त ओझं वाहतात. त्यामुळं 'एकाच शब्दाला दहा अर्थ लावायलेत, ही भाषेची अधोगती' असं जे कुणी म्हणतं त्यानं आधी आपलं 'लागणे' हे क्रियापद बघावं. भूक लागते, दार लागतं, आग लागते, नोकरी लागते, नात्यानं मामा लागतो, बस लागते (उलटी होते ती पण आणि फलाटावर येते ती पण), आणि वर लाईन पण लागते.

'रांगेला लाईन म्हणणं ही अशुद्ध इंग्रजी' असं पण काही शिकलेले लोक म्हणतात, क्यू म्हणावं म्हणे. क्यू हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ शेपूट, आणि अमेरिकेतली माणसं रांगेला बिनधास्त लाईनच म्हणतात. 'कोणत्या लाईनीत हाय तुमचा पोरगा?' हे आपलं खास गावठी वाटतं ना, पण धंदा ह्या अर्थानं लाईन इंग्रजीतच आहे, आपण फक्त उचललं. आपलं स्वतःचं म्हणावं ते 'लाईन मारणे', ह्याचं श्रेय मात्र इंग्रजांना देऊ नका. डेडलाईन शब्दाचं तर ऐकलं तर पीकविम्याचा फॉर्म भरताना हात कापतील. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या आसपास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली होती, ती ओलांडली की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. ती डेडलाईन. आपल्याकडं ३१ जुलैच्या रात्री सर्व्हर डाऊन असतानाचा सेतू केंद्रावरचा माहोल बघता अर्थ फार लांब गेलेला नाही.

आता बुडवलं कुठं ते सांगतो. मागच्या खरिपात माझा चुलतभाऊ खुरपणीच्या बायांना पाणी घेऊन गेला आणि माझ्या मायला म्हणाला, "काकू, तुमची लाईन मागं राहिली." माय मान वर न करता म्हणाली, "लाईन न्हाई रं बाबा, पात. लाईन तारेत आस्ती." पोरगं एग्री डिप्लोमा झालेलं आहे, त्याला पात माहीतच नव्हती. पात म्हणजे नुसती पिकाची ओळ नाही. खुरपायला बाया बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जितकी तासं येतात, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, ती तिची पात. पात लागते, पात धरतात, पात काढतात. एखादीचं लेकरू लहान असलं, सारखं रडून उठवत असलं तर शेजारची तिच्या पातीतलं एखादं तास आपल्याकडं ओढून घेते, आणि हे कुणी कुणाला सांगत नाही. पात म्हणलं की काम, वाटा, माप, कुणाच्या शेजारी कोण बसलंय, सगळं एकदम येतं. त्याला लाईन म्हणलं की उरतं काय, तर रेघ. आणि 'तास' वेगळं बरं का, तिफणीच्या फणामागं पडतं ते. तिफणीला तीन फण म्हणून एका फेरीत तीन तासं. पेरताना 'चार तासं सोयाबीन, एक तास तूर' असं म्हणायचे, आता ट्रॅक्टरवाला विचारतो, मालक, तुरीची लाईन कितवी सोडू.

इथं मला गुरुजींच्या बाजूनं बोलायची फार इच्छा होते, पण प्रामाणिकपणे बोलायचं तर पात काही इंग्रजीनं मारलेली नाही. ती तणनाशकानं मारली. खुरपायला बायाच जिथं कमी बसायला लागल्या तिथं पात कुणी धरायची. तिफण ट्रॅक्टरनं मारली, ज्वारी सोयाबीननं मारली. काम गेलं की शब्द जातो, मग रिकाम्या जागेवर जो कुणी मोकळा फिरत असतो तो येऊन बसतो, आणि आपल्याकडं सध्या मोकळा फिरणारा शब्द बहुतेक इंग्रजी असतो. लाईन ही त्या घरात नंतर आलेली भाडेकरू आहे, घर तिनं पाडलेलं नाही. भाषणात मात्र हे कुणी म्हणत नाही, कारण तणनाशकाच्या विरोधात भाषण केलं तर समोरचे शेतकरी उठून जातील, इंग्रजीच्या विरोधात केलं तर टाळ्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते आणि ती शेतातली नाही, ऑफिसातली आहे. लोकांनी बोलताना लाईन गेली म्हणणं वेगळं आणि ऑफिसानं तेच उत्तर म्हणून देणं वेगळं. गेल्या रब्बीत आमच्याकडं सलग सहा दिवस मोटार चालली नाही. आमच्या अण्णांनी वीज ऑफिसला फोन केला, उत्तर आलं, "लाईन नाही." मी जाऊन विचारलं, उत्तर तेच, "सर, लाईनच नाही तर आम्ही काय करणार." आता लाईन नाही म्हणजे काय काय असू शकतं बघा. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल, तर ती बदलून द्यायची जबाबदारी कुणाची तरी आहे. एक फेज गेला असेल, तर एक माणूस खांबावर चढून अर्ध्या तासात काम होतं. फीडरच, म्हणजे सबस्टेशनवरून येणारी मोठी तारच, बंद असेल तर प्रश्न पुढच्या सबस्टेशनचा. लोडशेडिंग असेल तर तो मुंबईत बसून ठरलेला वेळ. कुणाची थकबाकी म्हणून कट केली असेल तर ते तर तोंडावर सांगायला पाहिजे. ह्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत, पाचांना पाच वेगळी माणसं जबाबदार आहेत, आणि खिडकीतल्या माणसानं त्या पाचांवर एकच गोधडी टाकली, लाईन नाही. आमची डीपी जळाली होती हे सहाव्या दिवशी कळलं, ते पण लाईनमनकडून. वीज कंपनीच्या कागदावर ह्या लाईनमनला आता तंत्रज्ञ म्हणतात, जनमित्र म्हणतात, गावात कुणी म्हणत नाही, पण चार बुकं शिकलेल्या साहेबापेक्षा तोच नेमकं बोलतो. "दादा, लाईन हाय, पर तुमची डीपी बसलीय." एका वाक्यात निकाल.

म्हणजे तोच शब्द लाईनमनच्या तोंडात कामाचा आणि साहेबाच्या तोंडात पडदा. साहेबानं शुद्ध मराठीत 'विद्युत पुरवठा खंडित आहे' म्हणलं असतं तरी आमचं पीक तितकंच वाळलं असतं, उलट थोडं जास्तच, कारण ते वाक्य समजून घ्यायला अण्णांना मला परत फोन करावा लागला असता.

शासनानं मराठीसाठी काही केलं नाही असं म्हणणार नाही. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, १९६२ ला पदनाम कोश आला, १९६४ ला राजभाषा अधिनियम आला, ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा पण मिळाला, गावात पेढे वाटले. त्याच्या पण आधी शिवरायांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, चौदाशेच्या आसपास शब्द. तरी आज अर्ज, हुकूम, जमीन, तारीख, वसूल आपल्या तोंडात आहेतच. सावरकरांचे दिनांक, क्रमांक, महापौर टिकले, बाकीचे कित्येक गेले. आणि आम्ही मराठवाड्यातली माणसं तर ह्या बाबतीत दोनदा भाजलेली. निजामानं १९१८ ला हैदराबादेत उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ काढलं, तिथल्या दारुल तर्जुम्यात, म्हणजे भाषांतराच्या खात्यात, विद्वानांनी बसून सगळ्या शास्त्रांना उर्दू शब्द पाडले. पुढं १९४८ ला संस्थान खालसा झालं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, त्या शब्दांचं इकडं कुणी नाव काढत नाही, पण तलाठ्याकडं आजही १९५४ चा खासरा आणि सेतवार मागायला जातो आम्ही, कारण ते शब्द जमिनीच्या कागदाला चिकटलेले आहेत. कामाला चिकटलेला शब्द राजवट बदलली तरी मरत नाही, कोशात पाडलेला बहुतेक मरतो.

ह्याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे परत एक लाईनच. दारिद्र्यरेषा. इंग्रजीत पॉव्हर्टी लाईन, सरकारी मराठीत दारिद्र्यरेषा, २०११-१२ च्या भावानं नियोजन आयोगानं ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपयावर आखली होती, तो आकडा वाचून हसावं का रडावं ते कळेना. 'दारिद्र्यरेषेखालील' हा शब्द मी आयुष्यात कुठल्या गरीब माणसाच्या तोंडून ऐकला नाही. बीपीएल पण थोडेच म्हणतात. १९९९ ला राज्यात तिरंगी रेशनकार्डं आली, पिवळं, केशरी, पांढरं, आणि लोकांनी दोन्ही शब्द बाजूला सारून सरळ 'पिवळं कार्ड' म्हणायला सुरू केलं. 'आमचं पिवळं हाय' एवढं म्हणलं की सगळं आलं, आणि त्यात स्वतःला दरिद्री म्हणवून घ्यायची लाज पण नाही. कुणी भाषातज्ज्ञ असता तर त्याला पुरस्कार दिला असता, पण हा शब्द रेशनच्या दुकानासमोर उभ्या बायांनी केलाय.

दुष्काळात पण हेच बघितलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, देशभरच्या टीव्हीवाल्यांनी 'लंबी लाईन, लंबी लाईन' लावलं होतं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या जागांवर जमावबंदी लागलेली. पण आमच्या गल्लीत टँकरसमोर कुणी लाईन म्हणत नव्हतं, 'नंबर' म्हणायचे. माझा नंबर, तुझा नंबर, नंबर लाव, नंबर मोडला. कारण माणसं उभीच नव्हती, घागरी उभ्या होत्या, माणसं सावलीला, आणि रात्रभर उभ्या असलेल्या घागरीची जागा हा एक हक्क होता, त्याला रांग म्हणून भागत नव्हतं. नंबर शब्द इंग्रजी, अर्थ शंभर टक्के लातूरचा. बीडकडं तर कितीतरी वर्षं लाईन म्हणजे फक्त रेल्वे, 'आमच्याकडं लाईन कव्हा यायची' म्हणत एक पिढी म्हातारी झाली, शेवटी १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला गाडी सुरू झाली.

मला विचाराल तर करायचं काय, तर दोन मागण्या आहेत, दोन्ही फुकटात होण्यासारख्या. वीज ऑफिसच्या तक्रारीच्या वहीत आणि ॲपवर 'लाईन नाही' हे उत्तर चालणार नाही असा नियम करा, डीपी, फेज, फीडर, लोडशेडिंग, कट, ह्यातलं एक लिहायचंच, इंग्रजी शब्दात लिहा, आमची काही हरकत नाही, पण नेमकं लिहा. आणि शाळेच्या भाषेच्या पुस्तकात समानार्थी शब्द म्हणून जे ओळ-रांग-रेषा छापतात तिथं जिल्ह्यातल्या पोरांना घरून शब्द आणायला लावा. काही जण म्हणतील अशानं प्रमाण मराठी बिघडेल. बिघडू द्या की थोडी, ती काय काचेची आहे का.

हे नुसतं बोलायला नको म्हणून मी करून बघितलं. आठवीच्या बॅचला सांगितलं, लाईनसाठी घरात कोण कोण काय म्हणतं ते लिहून आणा, गूगल बघायचं नाही. मला वाटलं पाचसहा येतील. पोरांनी पात आणली, तास, सरी, पंगत, हार, लड, माळ आणली. एकीनं भांग आणला, केसातला, आणि खरंच की, ती पण रेघच. एकानं ओघळ आणला, चहाचा कपावरून येतो तो. चळत आणि उतरंड आणली, त्यावरून भांडण झालं, उभी असली तर तिला लाईन म्हणायचं का, मी म्हणलं म्हणायचं. शिवेवरून एकाच्या आज्यानं अर्धा तास कोर्टातली केस सांगितली म्हणे, शीव, धुरा, हद्द हे तिन्ही वेगळे आहेत आणि ते न कळल्यामुळं वकिलाला किती पैसे गेले ते. मागच्या बाकावरच्या एका पोरानं फक्त एकच शब्द लिहिला होता, वळ. पट्टीचा हातावर उठतो तो. मी त्याला काही विचारलं नाही, मार्क दिले.

दिवाळीच्या सुट्टीआधी फळ्यावर दीप अधिक आवली लिहून दिली, आवली म्हणजे ओळ, तर एकजण म्हणाला सर म्हणजे दिवाळी म्हणजे दिव्यांची लाईन. वर्ग हसला. चूक काय होतं त्यात.

पुढच्या आठवड्यात 'सेट' घ्यायचाय. तो ४३० अर्थांचा आकडा सांगितल्यापासून पोरं पिसाळलेत, पहिल्या बाकावरचे डिक्शनऱ्या चाळायलेत, आणि शेवटच्या बाकावरून आताच प्रश्न आलाय, "सर, तहसीलमधी लावतेत ती सेटिंग ह्याच्यातच धरायची का येगळी?"